बसवलेले काढायचे कसे?
दातावरची टोपी आणि ती कापणारे हत्यार यांच्या चढाओढीचा इतिहास

दाताला कॅप बसवून घेणारा माणूस डॉक्टरांना बहुधा एकच प्रश्न विचारतो : किती वर्षं टिकेल? उत्तरातला आकडा जितका मोठा, तितके त्याचे समाधान मोठे. ही कॅप पुढेमागे काढावी लागली तर ती निघणार कशी, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. आणि गंमत अशी, की गेल्या अडीचशे वर्षांत ज्यांनी दातांसाठी नवनवे पदार्थ घडवले, त्यांच्याही मनात हा प्रश्न क्वचितच आला. दंतवैद्यकाच्या इतिहासात पोर्सिलेन कोणी आणले, ते मजबूत कोणी केले, ते दाताला घट्ट चिकटवण्याची युक्ती कोणाला सुचली, यांची नावे आणि सनावळ्या सापडतात. बसवलेले काढण्याचा इतिहास मात्र कोणी सलग लिहिलेला नाही. तो हत्यारांच्या इतिहासात, थोडा रत्नपारख्यांच्या आणि मणी घडवणाऱ्यांच्या इतिहासात विखुरलेला आहे. तो एकत्र करून पाहिला, तर ‘टिकाऊ’ या शब्दाकडे आपण जरा वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

कारण कॅप कायमची असली तरी तिच्याखालचा दात जिवंत असतो. कॅपच्या कडेने कीड आत शिरते, नस सुजते, मूळ दुखू लागते, हिरडी मागे सरते. अशा वेळी वरचे कवच फोडल्याशिवाय आतल्या दातापर्यंत पोचता येत नाही. कवच जितके अभेद्य, तितका आतल्या दाताचा धोका मोठा. हा पेच आजचा आहे. त्याची मुळे मात्र फार जुनी आहेत.

मण्यांचे कारागीर

आजच्या बलुचिस्तानात, बोलन खिंडीच्या पायथ्याशी मेहरगढ नावाचे नवाश्मयुगीन गाव होते. तिथल्या दफनभूमीत सापडलेल्या सांगाड्यांपैकी नऊ प्रौढांच्या अकरा दाढांना भोके पाडलेली आढळली. ही भोके साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीची. २००६ साली ‘नेचर’मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. भोकांच्या कडा चघळून झिजलेल्या होत्या. म्हणजे ती जिवंत माणसाच्या तोंडात पाडली गेली आणि नंतरही ती माणसे त्या दातांनी जेवत राहिली. संशोधकांनी गारगोटीचे टोक लावलेला धनुष्याचा सामता करून पाहिला. एवढे भोक पाडायला त्यांना एक मिनिटसुद्धा लागले नाही.

हे कौशल्य तिथे आले कुठून? मेहरगढला मणी बनवण्याचा उद्योग होता. त्याच वस्तीत गारगोटीच्या बारीक टोकांनी दगडी मण्यांना भोके पाडली जात. सुताराचा सामता ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही यंत्रणा समजावून सांगायला नको : दांड्याभोवती दोरीचा वेढा, दोरी कमानीला बांधलेली, आणि कमान पुढेमागे ओढली की दांडा गरगर फिरतो. मण्याला चालणारी युक्ती दाताला चालली. दंतवैद्यकाच्या हत्याराचा उगम असा कारागिराच्या कामठ्यात आहे.

याच परंपरेत पुढे सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनी एक कूटप्रश्न सोडवला. अकीक हा दगड साध्या गारगोटीला दाद देत नाही. चान्हुदडो, धोलावीरा येथे अकिकाच्या लांबलचक मण्यांसाठी वापरलेली, एका खास कठीण दगडाची सामत्याची टोके मिळाली आहेत. चान्हुदडोचे उत्खनन करणारे अर्नेस्ट मॅके यांच्या नावावरून या दगडाला संशोधकांनी ‘अर्नेस्टाइट’ म्हटले. जोनाथन मार्क केनोयर आणि मास्सिमो विदाले यांनी १९९०च्या सुमारास अशा टोकांनी प्रयोग करून पाहिले, तेव्हा तासाभरात सुमारे अडीच मिलिमीटर भोक पडले. म्हणजे दहा सेंटिमीटरच्या एका मण्याला निव्वळ फिरवण्याचे चाळीस तास.

त्यापुढची पायरी हिऱ्याची. गुजरातेत खंबातचे कारागीर लोखंडी सळईच्या टोकाला हिऱ्याच्या दोन बारीक कण्या बसवून आजही अकीक भोकतात. हिरा इतर सर्व रत्नांवर ओरखडा काढतो आणि हिऱ्यावर ओरखडा फक्त हिराच काढतो, हे आपल्या जुन्या रत्नपरीक्षेच्या ग्रंथांना ठाऊक होते. कारागिराने त्या ज्ञानाचे हत्यार केले.

आता या गोष्टीचा दातांशी असलेला एक अनपेक्षित धागा. प्राचीन मणी हिऱ्याच्या टोकाने भोकले की दुसऱ्या कशाने, हे ठरवण्याची पद्धत ज्या दोन संशोधकांनी बसवली, ते ए. जॉन ग्विनेट आणि लिओनार्ड गोरेलिक हे दोघेही दंतवैद्यकातले होते. दाताचा साचा घेण्याचे सिलिकोन त्यांनी मण्याच्या भोकात भरले, ते घट्ट झाल्यावर अलगद बाहेर काढले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरच्या रेषा वाचल्या. श्रीलंकेतील इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धातल्या मण्यांमध्ये त्यांना हिऱ्याच्या सामत्याची खूण मिळाली. हिऱ्याची ही कला भारतातून रोमन जगाकडे गेली, असे प्रतिपादन त्यांनी १९८८ साली केले. ग्विनेट यांचे नाव लक्षात ठेवावे. ते या लेखात पुन्हा येणार आहे, आणि तेव्हा बाजू उलटलेली असेल.

चिनी मातीचे दात

दातावर भांड्यांची माती चढवण्याची कल्पना अठराव्या शतकातल्या फ्रान्सची. त्या काळी श्रीमंतांची कवळी पाणघोड्याच्या किंवा हत्तीच्या दाताची कोरलेली असे. तोंडात ती कुजायची, पिवळी पडायची आणि तिला घाण येई. पॅरिसजवळचा आलेक्सी द्युशातो हा औषधे विकणारा माणूस या घाणीला कंटाळला. आपली औषधे तो ज्या चिनी मातीच्या खलबत्त्यात कुटतो, ती भांडी डागाळत नाहीत, वासही धरत नाहीत, हे त्याच्या लक्षात आले. १७७४च्या सुमारास त्याने पोर्सिलेनच्या कारखान्यात स्वतःची कवळी भाजून घेतली. भट्टीत माती आक्रसते, त्यामुळे पहिले प्रयत्न फसले. निकोला द्युब्वा द शेमां या दंतवैद्याने मिश्रण आणि माप सुधारले, राजाकडून हक्क मिळवला आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो लंडनला निघून गेला. तिथे त्याला वेजवूडच्या कारखान्याची माती मिळू लागली. १८११ साली टॉमस रोलंडसन या व्यंगचित्रकाराने, लठ्ठ बाईचे चमचमते नवे दात गिऱ्हाइकाला दाखवणारा फ्रेंच दंतवैद्य रंगवला. म्हणजे तोवर हे दात चेष्टेचा विषय व्हावेत इतके माहीत झाले होते.

१८०८ साली पॅरिसमध्ये जुझेप्पांजेलो फोन्झी या इटालियन दंतवैद्याने प्लॅटिनमच्या खिळ्या बसवलेला सुटा पोर्सिलेन दात पुढे आणला. पण हे सगळे गेलेल्या दातांच्या जागी येणारे दात होते. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवता येते. काढण्याचा प्रश्नच तिथे नव्हता.

तो प्रश्न जन्माला आला डेट्रॉइटमध्ये. तिथल्या चार्ल्स लँड या दंतवैद्याने १८८०च्या दशकात एक युक्ती काढली. कोरून बारीक केलेल्या दाताच्या ठशावर प्लॅटिनमचा पातळ वर्ख घोटून बसवायचा, त्यावर पोर्सिलेनचा थर देऊन भाजायचा आणि वर्ख सोलून काढायचा. उरते ती दाताच्या मापाची पोकळ टोपी. हा ‘जॅकेट क्राउन’. आज आपण ज्याला कॅप म्हणतो तिचा पूर्वज. याच लँड यांचा नातू चार्ल्स लिंडबर्ग १९२७ मध्ये एकटा अटलांटिक ओलांडून गेला. नातवाच्या कीर्तीपुढे आजोबांचे नाव मागे पडले, तरी माणसांच्या तोंडावर आजोबांचा परिणाम जास्त झाला असे म्हणता येईल.

लँड यांची टोपी दिसायला सुंदर होती, पण ठिसूळ. वाकवताना मोडण्यापूर्वी पदार्थ किती ताण सोसतो हे मेगापास्कलमध्ये मोजतात. साध्या दंत-पोर्सिलेनसाठी हा आकडा साधारण ६० ते १००च्या घरात येतो. अशी टोपी बऱ्याचदा आपणहून तडकायची. काढायची वेळ आली तर एक खाच पाडून हत्याराचा हलका पीळ दिला की कपच्या उडत. शिवाय ती झिंक फॉस्फेटसारख्या सिमेंटने बसवलेली असे. हे सिमेंट चिकटण्यापेक्षा भेगा भरून आधार देण्याचे काम करी. टोपी कमजोर आणि पकड साधी, त्यामुळे काढणे सोपे होते. या कमजोरीला तेव्हा कोणी गुण म्हटले नाही.

चरख्यापासून टर्बाइनपर्यंत

दरम्यान फिरणारे हत्यार आपल्या वाटेने पुढे चालले होते. जॉर्ज वॉशिंग्टन यांचे दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी १७९०च्या सुमारास आईच्या सूत कातायच्या चरख्याला पायटा जोडून दात कोरायचे यंत्र केले, अशी हकीकत आहे. १८६४ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज हॅरिंग्टन यांनी चावी देऊन चालणारे यंत्र केले. पण दवाखान्यादवाखान्यांत पोचले ते जेम्स मॉरिसन यांचे १८७१चे पायटा मारायचे यंत्र. शिवणयंत्रासारखा पाय मारायचा आणि पट्ट्यावरून आलेल्या गतीने तोंडातले टोक फिरायचे, मिनिटाला साधारण दोन हजार फेरे. चारच वर्षांनी जॉर्ज ग्रीन यांनी विजेवरच्या यंत्राचे पेटंट घेतले, पण वीज घरोघर नसल्याने पायटा दीर्घकाळ टिकला. वयस्क वाचकांपैकी काहींनी ते आपल्या गावात पाहिलेही असेल.

गती वाढली तरी टोक पोलादाचेच होते. पोलाद दंतवल्काशी झगडताना लवकर बोथट होते आणि पोर्सिलेनपुढे तर हार खाते. त्यासाठी सिलिकॉन कार्बाइडचे, म्हणजे १८९१ मध्ये एडवर्ड ॲचेसन यांनी विजेच्या भट्टीत बनवलेल्या ‘कार्बोरंडम’चे घासणारे दगड वापरात आले. १९२०च्या दशकात जर्मनीत टंगस्टन कार्बाइड तयार झाले. ‘हिऱ्यासारखे’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून क्रुपच्या कारखान्याने त्याला ‘विडिया’ हे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर कार्बाइडचे दंतवैद्यकी ‘बर’ निघाले आणि धातूची टोपी चिरणे सोपे झाले. त्याआधीच, १९३२च्या सुमारास, जर्मनीत हिऱ्याची पूड निकेलच्या मुलाम्याने सळईवर बसवलेले बर तयार होऊ लागले होते. खंबातच्या कारागिराने सळईच्या टोकावर दोन कण्या बसवल्या. इथे शेकडो सूक्ष्म कण्या बसल्या. तत्त्व तेच.

उरला वेग. जास्त वेगाला रुग्णाला कंप कमी जाणवतो, या निरीक्षणातून न्यूझीलंडचे जॉन पॅट्रिक वॉल्श यांनी १९४९ मध्ये हवेच्या झोताने फिरणारी टर्बाइन तयार केली. १९५७ मध्ये वॉशिंग्टनचे जॉन बॉर्डन यांचे ‘एअररोटर’ बाजारात आले : मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेरे. दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसलेल्याच्या पोटात गोळा आणणारी ती शीळ तेव्हापासूनची. १९५०च्या दशकाअखेरीस परिस्थिती अशी होती की तोंडात असे काहीही नव्हते, जे दंतवैद्याचे हत्यार सहज कापू शकत नव्हते. हत्यार जिंकले होते.

कवच मजबूत होते

ही आघाडी फार काळ टिकली नाही. १९६२ मध्ये अमेरिकेत वाइनस्टीन आणि सहकाऱ्यांनी धातूवर पोर्सिलेन वितळवून चढवण्याचे पेटंट घेतले. तापवल्यावर दोन्ही पदार्थ जवळपास सारखेच प्रसरण पावतील असे पोर्सिलेन त्यांनी जमवले. त्यामुळे थंड होताना थर तडकला नाही. १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये जॉन मॅक्लीन आणि टी. एच. ह्यूज यांनी पोर्सिलेनमध्ये अल्युमिनाचे कण मिसळून त्याची ताकद जवळपास दुप्पट केली. १९८५ मध्ये झुरिकच्या वेर्नर म्योरमान आणि मार्को ब्रांडेस्टिनी यांनी संगणकाच्या आधारे सिरॅमिकचा ठोकळा कोरून रुग्णाच्या दातात त्याच बैठकीत भरणी बसवली. पुढे काचेत लिथियम डायसिलिकेटचे स्फटिक वाढवलेले सिरॅमिक आले; त्याची ताकद ३५० ते ४०० मेगापास्कलपर्यंत गेली.

सर्वांत मोठी उडी झिर्कोनियाची. त्याच्या नावात आपल्या ओळखीचे काही आहे. ‘झिर्कॉन’ हा शब्द सोनेरी रंगाच्या अर्थाच्या फारसी ‘झरगून’वरून आला असे मानतात, त्यातले ‘झर’ म्हणजे आपल्या जरीतले, जरतारीतले ‘जर’. श्रीलंकेतले रंगहीन झिर्कॉन एके काळी ‘मटाराचे हिरे’ म्हणून विकले जात. १७८९ साली बर्लिनच्या मार्टिन क्लापरोट यांनी श्रीलंकेहून आलेल्या अशाच खड्यांतून एका नव्या मूलद्रव्याचे ऑक्साइड ओळखले. तेच झिर्कोनिया. १९७०च्या दशकात मॉस्कोच्या लेबेदेव भौतिकी संस्थेत त्याचे घनाकृती स्फटिक मोठ्या प्रमाणावर वाढवण्याची पद्धत बसली. ते स्फटिक आज आपल्याकडे ‘अमेरिकन डायमंड’ या नावाने नथीत, बांगड्यांत, मंगळसूत्राच्या पदकात चमकतात. म्हणजे दाढेवरची नवी कॅप आणि दिवाळीला घेतलेला एडीचा सेट ही एकाच कुळातली भावंडे.

पण दाताच्या झिर्कोनियाची रचना वेगळी आहे. शुद्ध झिर्कोनिया साध्या तापमानाला एका प्रकारच्या स्फटिकरूपात राहते आणि ११७० अंशांच्या वर दुसऱ्या, अधिक दाट रूपात जाते. थोडे यिट्रियम ऑक्साइड मिसळले, तर ते दाट रूप थंड झाल्यावरही अडकून राहते. अशा पदार्थात भेग शिरू लागली, की भेगेच्या टोकाजवळच्या कणांवरचा दाब सुटतो, ते मूळ रूपात उलटतात आणि सुमारे चार टक्के फुगतात. फुगलेले कण भेगेला दोन्ही बाजूंनी चेपून धरतात. भेग पुढे सरकत नाही. मेलबर्नच्या गार्वी, हॅनिंक आणि पास्को यांनी १९७५ साली ‘नेचर’मध्ये हे मांडले, तेव्हा शीर्षकातच प्रश्न टाकला होता : सिरॅमिकचे पोलाद? दंतवैद्यकात २०००च्या आसपास या पदार्थाच्या कॅपा आल्या. त्यांची ताकद ९०० ते १२०० मेगापास्कल. २००८ नंतर सोन्याचे भाव चढत गेले तशा सबंध झिर्कोनियाच्या कॅपा धातूची जागा झपाट्याने घेत गेल्या.

दुसरीकडे चिकटवण्याची कला पुढे गेली होती. १९५५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या मायकेल बुओनोकोर यांनी दंतवल्कावर फॉस्फोरिक आम्ल क्षणभर लावून ते खरखरीत केले, तर राळेसारखी रेझिने त्यावर घट्ट धरतात हे दाखवले. का धरतात, याचे चित्र १९६७ मध्ये स्पष्ट झाले : रेझिन दंतवल्काच्या सूक्ष्म छिद्रांत मुळांसारखे शिरते. हे दाखवणाऱ्या दोघांपैकी एक होते ए. जॉन ग्विनेट. प्राचीन कारागिराने अकिकाला भोक कसे पाडले हे शोधणारे, आणि आधुनिक दंतवैद्य जे काढता काढता घामाघूम होतो त्या चिकटण्याचे मर्म सांगणारे, संशोधक एकच. कापणे आणि चिकटणे ही या इतिहासाची दोन टोके एका माणसाच्या सूक्ष्मदर्शकाखाली आली होती.

खुर्चीवर काय होते

सोन्याची किंवा धातूची टोपी काढताना डॉक्टर गालाकडच्या बाजूने वर चावायच्या पृष्ठभागापर्यंत एक चीर घेतात, चिरेत चपटे हत्यार घालून पीळ देतात. धातू वाकतो, टोपी उमलते आणि सुटते. चीर किती खोल गेली ते डोळ्यांना दिसते : आधी चकाकता धातू, मग पांढरे सिमेंट, मग पिवळसर दात.

झिर्कोनिया वाकत नाही. चीर अर्धवट असेल तर पीळ देऊन उपयोग होत नाही. रंगही दातासारखाच, सिमेंटही तशाच रंगाचे. मग कवच कुठे संपले आणि दात कुठे सुरू झाला हे ओळखण्यासाठी पुन्हा पुन्हा थांबून, वाळवून, उजेड धरून पाहावे लागते. कार्बाइडचा बर इथे निकामी होतो. दंतवल्काच्या सुमारे चौपट कठीण असलेल्या या पदार्थावर त्याच्या धारांचे टवके उडतात. हिऱ्याचा बर कापतो, पण त्याचीही दमछाक होते. हिरा स्वतः हरत नाही. त्याला धरून ठेवणारा निकेलचा मुलामा हरतो. कण्या बोथट होतात, फुटतात किंवा मुळातून उपटतात. एका कॅपसाठी एकाहून अधिक बर खर्ची पडणे ही नेहमीची गोष्ट आहे.

मग हात अधिक दाब देऊ लागतो. नेमका तिथेच घात आहे. हवेच्या टर्बाइनवर दाब दिला की तिचा वेग झपाट्याने घसरतो. कापणे कमी आणि घासणे जास्त होते. विजेच्या मोटरवरचा हँडपीस मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरतो, पण दाबाखालीही वेग धरून ठेवतो, म्हणून आज या कामाला तो पसंत केला जातो. झिर्कोनिया उष्णतेचा मंद वाहक असल्याने घर्षणाची उष्णता पसरत नाही, कापण्याच्या जागीच साठते. कधी कधी ठिणग्या उडताना दिसतात. पाण्याचा भरपूर फवारा, हलका हात, थांबत थांबत काम आणि बर बोथट होताच बदलणे, एवढीच या कामाची नीती आहे.

ही नीती पाळली नाही तर काय होते, याचा एक जुना प्रयोग दंतवैद्यकाचे विद्यार्थी आजही शिकतात. १९६५ मध्ये झाक आणि कोहेन यांनी ऱ्हीसस माकडांच्या दातांना बाहेरून उष्णता दिली. नसेचे तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने वाढले तेव्हा १५ टक्के दातांची नस सावरली नाही. अकरा अंशांनी वाढले तेव्हा ६० टक्के. नंतरच्या काही संशोधकांना ही मर्यादा फारच कडक वाटली; पण नस उष्णतेला नाजूक असते याबद्दल दुमत नाही. म्हणजे जो दात वाचवायचा म्हणून कॅप कापायला घेतली, तो दात कापण्यानेच मरू शकतो. आणि घाईत बर कवचातून आरपार गेला, तर आधीच कोरून बारीक केलेल्या दाताचा आणखी तुकडा जातो.

एक विसरलेला धडा

ज्याला बसवणे जमते त्याने काढण्याचा विचार आधी करावा, हे दंतवैद्यकाने एकदा चांगलीच किंमत देऊन शिकले होते. दात सरळ करण्यासाठी तारा लावतात तेव्हा दातावर धातूचे छोटे ब्रॅकेट चिकटवतात. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अल्युमिनाचे, दिसून न येणारे सिरॅमिकचे ब्रॅकेट आले. ते रासायनिक बंधाने इतके पक्के चिकटत, की उपचार संपल्यावर ओढून काढताना निरोगी दाताच्या दंतवल्काचे टवके निघाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. शेवटी उत्पादकांनी उलटी दिशा धरली. तळाची रचना बदलून, रासायनिक बंधाऐवजी खाचांच्या यांत्रिक पकडीवर भर देऊन, ब्रॅकेट दातापासून नव्हे तर गोंदापासून सुटावे अशी सोय केली. पकड मुद्दाम कमी करणे हीच तिथली सुधारणा ठरली.

कॅपच्या बाबतीत असा विचार आता कुठे सुरू झाला आहे. अर्बियम लेझरचा किरण पाण्यात शोषला जातो. सिरॅमिकमधून पार होऊन तो खालच्या सिमेंटपर्यंत पोचतो आणि पकड सैल करतो. गेल्या दीड दशकात या मार्गाने अखंड कॅपा सुटी करण्याचे प्रयोग झाले आहेत. पातळ, पारभासक सिरॅमिकमध्ये हे सोपे, जाड झिर्कोनियात वेळखाऊ. शिवाय यंत्र महाग. झिर्कोनियाच्या नव्या, अधिक पारभासक प्रकारांत घनाकृती स्फटिकांचे प्रमाण जास्त असते, म्हणून त्यांची ताकद आधीच्या प्रकारापेक्षा कमी भरते. सौंदर्यासाठी का होईना, ताकदीची चढाओढ थोडी मागे सरली आहे. दातावर पुरेसा धरबंध असेल तिथे साधे सिमेंट वापरायचे, रेझिनची पक्की पकड गरज असेल तिथेच योजायची, ही निवडही डॉक्टरांच्या हातात असते.

रुग्णाच्या हातातही एक गोष्ट आहे. बहुतेकांना आपल्या दाढेवर कोणत्या पदार्थाची कॅप आहे हे ठाऊक नसते, आणि ती कशाने चिकटवली हे तर मुळीच नसते. दहा वर्षांनी गाव बदलते, डॉक्टर बदलतात, जुना कागद हरवतो. नव्या डॉक्टरांना समोर दिसते ते फक्त एक पांढरे कवच. ते पाण्याचा फवारा सोडून अंदाजाने कापायला घेतात. पदार्थाचे नाव, सिमेंटचे नाव आणि तारीख एवढ्या तीन गोष्टी कागदावर लिहून घेतल्या आणि घरच्या फायलीत ठेवल्या, तर पुढच्या हत्याराला आंधळेपणाने चालावे लागत नाही.

मेहरगढच्या त्या अकरा दाढांमध्ये कसली भरणी होती का, याचा मागमूस उरलेला नाही. भोके मात्र उरली, आणि दात त्यानंतरही चावत राहिले. आपण भरणी आणि कवच यांना अमर करायला निघालो आहोत. कवच दातापेक्षा टिकाऊ झाले, तर दात जाईल आणि कवच राहील. पण माणूस कवच घेण्यासाठी नव्हे, दात राखण्यासाठी दवाखान्यात जातो. म्हणून ‘किती वर्षं टिकेल?’ या प्रश्नाला जोडून दुसरा प्रश्नही विचारायला हवा : ‘काढायची वेळ आली, तर दाताला न दुखावता निघेल ना?’ पहिल्या प्रश्नाने अडीचशे वर्षांचे संशोधन घडवले. दुसरा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर पुढचे संशोधन त्याच्याही मागे जाईल.